यजमान नगरी आणि तिच्या दोन नद्या

मंगळवारी ताडोबाचे दरवाजे पर्यटकांसाठी बंद असतात. ही साधी गोष्ट आम्हांला वेळेवर ठाऊक नव्हती. आज त्या अज्ञानाचे आम्ही आभारच मानतो, कारण त्यामुळेच चंद्रपूर नावाच्या नगरीची आणि आमची खरी भेट घडली.

त्याचे असे झाले. वसईतील आमच्या धर्मग्रामातील सुमारे चाळीस मंडळींनी आपला कुटुंब मेळावा अलीकडच्या एका हिवाळ्यात घरापासून दूर, वनप्रदेशात भरवावा असे ठरविले. एक दिवस सभा, एक दिवस वाघ आणि मग परतीची गाडी, असा सुटसुटीत बेत होता. रेल्वेची तिकिटे निघाली आणि सफारीचे आरक्षण करावयास गेलो तेव्हा कळले की, वाघाच्या भेटीसाठी आम्ही नेमका मंगळवार निवडला आहे. सफारी बुधवारच्या पहाटेवर ढकलण्यात आली आणि मंगळवार मोकळा राहिला.

सोमवारी चंद्रपुरातील एका ख्रिस्ती संस्थेच्या सभागृहात आमची सभा भरली. विषय होता ‘कुटुंब आणि सृष्टी’. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसृत केलेल्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्राच्या आधारे आम्हीच दीड तास बोललो. भाषण ठीक झाले असावे, कारण टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. परंतु सभा संपल्यावर खुर्च्या आवरताना एका आजीबाईंनी टेबलाखालच्या पाण्याच्या अर्धवट भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजल्या आणि आमच्याकडे पाहून त्या एवढेच म्हणाल्या, “फादर, सृष्टीवर बोलताना आपण साठ बाटल्या प्यायलो.” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सुचविले की, आज शहर पाहावे. तरुण मंडळी हिरमुसली. “शहरात काय पाहायचे, फादर? शहर तर आपल्याकडेही आहे,” असे एकाने बोलूनही दाखविले. त्याचे म्हणणे अगदी चुकीचे नव्हते. दरवर्षी कित्येक पर्यटक या जिल्ह्यात येतात, स्थानकावर उतरतात, तेथूनच गाड्यांत बसून मोहर्ली, कोलारा किंवा नवेगाव या प्रवेशद्वारांकडे जातात आणि तसेच परततात. चंद्रपूर त्यांच्या वाटेवर असते, नजरेत नसते. याआधी दोनदा सभांच्या निमित्ताने आम्ही स्वतः येथे येऊन गेलो होतो. या गावाला नदी आहे, हे तेव्हा आम्हांलाही ठाऊक नव्हते.

वास्तविक या गावाला एक नाही, दोन नद्या आहेत. पश्चिमेकडून इरई आणि पूर्वेकडून झरपट शहराला कवेत घेतात आणि दक्षिणेस एकमेकींना भेटतात. पुढे इरई वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की त्यांची प्राणहिता होते आणि गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचापाशी, प्राणहिता गोदावरीच्या कुशीत शिरते. म्हणजे चंद्रपूरच्या पायऱ्यांवर सांडलेले पाणी अखेरीस पूर्वसमुद्राला जाते. पश्चिमसमुद्राच्या काठी राहणाऱ्या आम्हां वसईकरांना ही कल्पनाच नवी होती.

नगरीच्या जन्माची कथा या पाण्यापासूनच सुरू होते. १८६०च्या दशकात चांद्याची जमाबंदी करणाऱ्या मेजर ल्यूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने ती लिहून ठेवली आहे आणि चंद्रपूरचे लोक ती आजही सांगतात. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रदेशावर खांडक्या बल्लाळशाह नावाचा गोंड राजा राज्य करीत होता, असे मानतात. त्याच्या अंगभर गाठी उठल्या होत्या आणि कोणत्याही औषधाने त्या बऱ्या होत नव्हत्या. त्याची राणी शहाणी होती. हवापालट व्हावा म्हणून तिने त्याला आजच्या तेलंगणातील शिरपूर सोडून वर्धेच्या काठी गढी बांधावयास लावली. तेच आजचे बल्लारपूर. एके दिवशी राजा शिकारीला निघाला, तहानेने व्याकूळ झाला आणि झरपटेच्या कोरड्या पात्रात घोडा घालून पाणी शोधू लागला. एका खळग्यात थोडेसे पाणी दिसले. तो प्यायला, त्याने हातपाय धुतले, आणि त्या रात्री कित्येक वर्षांनी त्याला गाढ झोप लागली. सकाळी पाहतो तो धुतलेल्या अवयवांवरची सूज उतरलेली! राणीने त्याला पुन्हा त्या जागी नेले. गवत आणि वाळू बाजूला सारल्यावर खडकात गाईच्या खुरांसारखे पाच ठसे दिसले. ते पाण्याने भरलेले होते. तेथे स्नान केल्यावर राजा पूर्ण बरा झाला. त्याच जागी अचलेश्वराचे मंदिर उभे राहिले.

कथेचा दुसरा भागही रम्य आहे. मंदिराचे काम पाहून परतताना राजाला एक अद्भुत दृश्य दिसले. एक ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करीत होता! सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. दोघे एका मोठ्या वर्तुळात धावले आणि अखेरीस कुत्र्याने सशाला मारले. राणी म्हणाली की, जेथे ससा कुत्र्याला भारी पडतो त्या भूमीत काही तेज असले पाहिजे. त्यांच्या पावलांच्या मागावर तट बांधा आणि आत नगर वसवा. चंद्राच्या त्या खुणेवरून नगराला नाव मिळाले, असे सांगतात. इंग्रजांच्या काळात ते ‘चांदा’ म्हणून ओळखले जाई, पुढे त्याचे ‘चंद्रपूर’ झाले. जुने नाव रेल्वेच्या ‘चांदा फोर्ट’ या स्थानकाने अजून सांभाळले आहे.

दंतकथा म्हणजे इतिहास नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु लोक शतकानुशतके एखादी कथा सांगत राहतात तेव्हा तिच्यात त्यांचे काहीतरी सत्य दडलेले असते. अचलेश्वर दरवाजाजवळ उभे राहून ही कथा आमच्या मंडळींना सांगत असताना एका धर्मशिक्षिकेने मध्येच विचारले, “फादर, ही तर नामानाची गोष्ट नव्हे का?” आणि आम्ही चकित झालो, कारण इतका वेळ आमच्याही मनात नामानच घोळत होता.

वाचकांना जुन्या करारातील तो अरामी सेनापती आठवत असेल. त्याला कोड होते. घरातल्या एका दासीच्या सांगण्यावरून तो अलीशा संदेष्ट्याकडे गेला. अलीशाने त्याला यार्देन नदीत सात वेळा बुडी मारावयास सांगितले तेव्हा तो रागावला. आपल्या दिमिष्कातील अबाना आणि परपर या नद्या या नदीपेक्षा चांगल्या नाहीत काय, असा त्याचा सवाल होता. अखेर चाकरांनी समजूत घातली, तो यार्देनेत उतरला आणि शुद्ध झाला. दोन्ही कथांत थोर पुरुष आजारी आहे, दोन्हींत एका स्त्रीचे शहाणपण कामी येते आणि दोन्हींत बरे करणारे पाणी दिसावयास अगदी साधे, दुर्लक्ष करण्याजोगे आहे. फरक एवढाच की, नामान बरा होऊन आपल्या देशी परतला आणि बल्लाळशाहाने पाण्याच्या काठीच नगर वसविले. एका सहलीतून जन्मलेले हे शहर, सहलीला आलेल्यांनीच पाहू नये, हे आम्हांला त्या दरवाजात उभे असताना विपरीत वाटू लागले.

त्यानंतर आम्ही तटाच्या कडेने चाललो. हा तट सुमारे अकरा किलोमीटर लांबीचा आहे. उत्तरेस जटपुरा, पश्चिमेस बिनबा, दक्षिणेस पठाणपुरा आणि पूर्वेस अचलेश्वर असे चार दरवाजे त्याला आहेत, शिवाय पाच खिडक्या म्हणजे लहान दिंड्या आहेत. दरवाजांवर हत्तीला जेरबंद करणारा सिंह कोरलेला आहे, ते गोंड राजांचे चिन्ह. तट पिढ्यान्‌पिढ्या बांधला गेला. त्याने शत्रूला अडविले, तसेच दोन नद्यांच्या पुरालाही अडविले. पावसाळ्यात वर्धा फुगली की इरईचे पाणी मागे हटते आणि पठाणपुऱ्याच्या बाजूला येऊन थडकते. नदीचा स्वभाव ओळखून बांधलेले असे हे शहर होते.

या राजांना पाण्याची कदर होती. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन द्यावी, अशी त्यांची रीत असल्याचे सांगतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धान पिकविणाऱ्या जिल्ह्यांत शेकडो जुने तलाव आहेत. पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेल्यामुळे त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात आणि लोकांच्या तोंडी त्यांचे ‘मामा तलाव’ झाले आहे. तटाच्या आतला रामाळा तलाव आणि बल्लारपूरच्या वाटेवर जंगलातला जुनोन्याचा तलाव ही गोंडकाळाचीच देणगी. रविवारी डबे घेऊन जुनोन्याला जाणाऱ्या चंद्रपूरच्या कुटुंबांना कदाचित जाणवतही नसेल की, आपण राजांच्याच जुन्या विहारस्थळी बसलो आहोत.

पाणी असेल तेथे माणसे जमतात, आणि माणसे जमतात तेथे सभा भरते. चंद्रपूरचा इतिहास हा अशा जमण्याचा इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी बीरशाह राजाच्या अकाली मृत्यूनंतर राणी हिराई हिने दत्तक मुलाच्या नावाने राज्य सांभाळले. पतीची देखणी समाधी तिने बांधली आणि झरपटेच्या बाजूचे महाकालीचे मंदिर नव्याने उभारले. चैत्रात तेथे यात्रा भरते. नांदेड, परभणीकडून आणि तेलंगणातून हजारो श्रमिक कुटुंबे येतात, झरपटेत स्नान करतात आणि नदीकाठी चुली मांडतात. सभागृह नाही, निमंत्रणपत्रिका नाही, तरी ही सभा तीन शतके भरते आहे. वैनगंगेच्या काठी, गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे महाशिवरात्रीला जमणारी यात्रा ही तिचीच बहीण म्हणावी लागेल.

मात्र या नगरीत सगळेच पाहुणे म्हणून आले नाहीत. मे १८१८मध्ये इंग्रजी तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि शहर लुटले गेले. १८५४मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदा इंग्रजांच्या ताब्यात गेला. चारच वर्षांनी, आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या अहेरीच्या रानातून बाबुराव शेडमाके हा पंचविशीचा गोंड जमीनदार परकीय सत्तेविरुद्ध उठला. त्याला दगा देऊन पकडण्यात आले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाच्या आवारातील पिंपळाच्या झाडाला फाशी देण्यात आले. त्यानंतर सव्वाशे वर्षे रानातल्या माणसाला न्यायासाठी, दाखल्यासाठी, दंड भरण्यासाठी चांद्यालाच यावे लागे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा कोठे ही पायपीट काहीशी कमी झाली. नगरी यजमान असली तरी कोणाला ओसरीवर बसविले गेले आणि कोणाला अंगणातच उभे केले गेले, हे इतिहास विसरत नाही.

अंगणात उभ्या राहिलेल्यांना मान देणारी एक सभाही याच नगरीने पाहिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यानंतर दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर चांद्याला आले आणि अफाट जनसमुदायाला त्यांनी दीक्षा दिली. त्या सोहळ्याच्या संयोजनात मूळचे चांद्याचेच बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे आघाडीवर होते. त्या जागेला आज दीक्षाभूमी म्हणतात आणि दर वर्षी ऑक्टोबरच्या मध्याला तेथे लोक लोटतात. धर्म आमचा निराळा असला, तरी माणसाला ताठ मानेने उभे करणाऱ्या त्या दिवसापुढे आम्ही तेथे नम्रपणे मस्तक लवविले.

मराठी सारस्वतांनाही या नगरीने दोनदा बोलाविले. १९७९चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे वामन कृष्ण चोरघडे यांच्या अध्यक्षतेखाली भरले आणि २०१२चे पंच्याऐंशीवे संमेलन वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली. साहित्याशी या भूमीचे आणखी एक नाते आहे, ते सहसा कोणी सांगत नाही. या दोन जिल्ह्यांतील रानांतला बांबू बल्लारपूरच्या गिरणीत जाऊन कागद होत आला आहे. आपण लहानपणी गिरवलेल्या कित्येक वह्यांत हे जंगल होते.

आमच्या ख्रिस्तसभेचेही येथे ऋण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मिशनने चांद्यात काम केले. पुढे १९६२ साली चांदा हे केरळच्या सिरो-मलबार ख्रिस्तसभेकडे स्वतंत्र मिशनक्षेत्र म्हणून सोपविण्यात आले. १९७७ साली त्याचा धर्मप्रांत झाला आणि महागुरुस्वामींचे पीठ बल्लारशाह येथे स्थिर झाले. मल्याळम बोलणारे तरुण धर्मगुरू आणि धर्मभगिनी येथे आले, मराठी शिकले, कोणी गोंडीही शिकले. आले तेव्हा ते पाहुणे होते, आज आमच्यासारख्यांचे ते यजमान आहेत. पाहुण्याने यजमान कसे व्हावे याचे उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे. त्यांनी आधी त्या भूमीची भाषा ऐकली.

दुपारी आम्ही झरपटेच्या काठी उतरलो, आणि येथे आमचे बोलणे बंद झाले. पात्रभर जलपर्णी माजलेली. येथील लोक तिला इकॉर्निया म्हणतात. हिरव्या गालिच्यासारखी ती दुरून सुंदर दिसते, जवळ गेल्यावर नाकाला पदर लावावा लागतो. शहराचे सांडपाणी पात्रात येत होते. राजाला ज्या पाण्याने झोप दिली त्या पाण्याकडे आमच्यातील मुले पाहवेना म्हणून पाठ करून उभी राहिली.

काठावर एक वृद्ध ढिवर जाळ्याची उसवलेली वीण सांधीत बसला होता. त्याने विचारले, “कोठून आले जी तुम्ही?” आम्ही सांगितले, मुंबईजवळून. “वाघ पाहाले?” आम्ही म्हटले, वाघ उद्या, आज नदी पाहावयास आलो. त्याने जाळे खाली ठेवले आणि आमच्याकडे नीट पाहिले. “नदी पाहाले कोणी येत नाही जी,” तो म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, केवळ नोंद होती. मग त्याने आपण होऊन सांगितले की, त्याच्या लहानपणी या डोहातला तळ दिसे, आणि आता मासे धरावयास त्याला दूर जावे लागते.

नदीची ही दशा एका दिवसात झालेली नाही आणि तिला एकच कोणी जबाबदार नाही. या जिल्ह्याच्या पोटात कोळसा आहे. तो काढताना निघालेल्या मातीचे डोंगर नद्यांच्या कडेला उभे राहिले आणि पावसाबरोबर ती माती पात्रांत उतरू लागली. १९८०च्या दशकात सुरू झालेले औष्णिक वीज केंद्र आज २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. त्यासाठी इरईवर धरण झाले आणि त्याच धरणाचे पाणी शहरही पिते. वसईतील आमच्या घरांतला दिवा ज्या जाळ्यातून पेटतो त्या जाळ्यात चंद्रपूरची वीज मिसळलेली असते, हे आम्ही कसे नाकारावे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत चंद्रपूर चौथे होते. शिवाय वस्ती वाढली. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या तीन लाखांवर गेली आणि घरे तटाबाहेर, पूररेषेच्या आत पसरली. पात्र उथळ, काठ अरुंद आणि वस्ती दाट, त्यामुळे जुलै २०२२च्या पुरात सखल भागांतील कुटुंबांना घरे सोडून शाळांत आसरा घ्यावा लागला. ज्या नदीचा स्वभाव ओळखून शहर बांधले गेले, तिचा स्वभाव आपण विसरलो, ती मात्र विसरलेली नाही.

तरीही केवळ विलाप करून परतावे अशी ही नगरी नाही. २०१७च्या मार्चमध्ये ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी झाडाझुडपांत आणि कचऱ्यात बुडालेला तट साफ करावयास घेतला. रोज सकाळी फावडी-घमेली घेऊन शेकडो दिवस ते राबले, बुरूजामागून बुरूज मोकळा झाला, आणि त्याच तटावरून आता लोकांना इतिहास सांगत फिरविले जाते. आम्ही ज्या वाटेने सकाळी चाललो ती त्यांच्या घामाने मोकळी झालेली होती. रामाळा तलावाच्या शुद्धीसाठी याच संस्थेच्या बंडू धोतरे यांनी २०२१ साली उपोषण केले. याच जिल्ह्यात मूलजवळच्या सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या उन्हात गावोगावची मुले तेथे येत, सकाळी कुदळ चालवीत आणि मग चर्चेला बसत. आधी श्रम, मग शब्द, असा तेथला क्रम होता. आम्ही सोमवारी नेमका उलटा क्रम लावला होता, आणि श्रम तर राहूनच गेले होते.

गडचिरोलीच्या माडिया गोंडांच्या गावांत गोटूल नावाचे एक सार्वजनिक घर असते. गावाची बैठक तेथे भरते आणि आलेल्या पाहुण्याला उतरावयास जागाही तेथेच मिळते. सभा आणि पाहुणचार यांचे छप्पर एकच, ही त्या व्यवस्थेतली मोठी गोष्ट आम्हांला वाटते. पाहुणा बैठकीच्या घरात झोपतो, म्हणून तो गावाच्या सुखदुःखाच्या बाहेर राहू शकत नाही. आपली आजची सभास्थाने नेमकी याच्या उलट आहेत. वातानुकूलित दालनाच्या खिडक्या बंद असतात. बाहेर नदी आहे की नाला, हे आतल्या वक्त्याला कळण्याचे कारण उरत नाही.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही पुन्हा एकत्र बसलो. कार्यक्रमपत्रिकेत ही बैठक नव्हती. सकाळी हिरमुसलेला तो तरुणच प्रथम बोलला. तो म्हणाला, “फादर, आपल्या वाडीतले बावखल माझ्या बापाने बुजवले. त्यावर आमची इमारत आहे. मी आज त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे पाहू शकलो नाही.” कोणी काही बोलले नाही. वसईच्या वाचकांना बावखल म्हणजे काय हे सांगावयास नको. इतरांसाठी सांगतो की, वाड्यावाड्यांतून असलेली ती आमची गोड्या पाण्याची तळी. त्यांवर रहाट फिरत, केळी आणि पानवेली पोसल्या जात, मुले पोहावयास शिकत. पाण्याची पातळी ती राखीत आणि पावसाळ्यात पूर पोटात घेत. जमिनीला भाव आला तशी एकामागून एक ती भरावाखाली गेली. पावसाळ्यात वसईत पाणी तुंबते तेव्हा आपण पालिकेला दोष देतो. बावखलाचा विषय आपण काढीत नाही.

त्या तरुणाचे वाक्य ऐकून आमच्या मनात विचार आला की, झरपट पाहून दुःख करावयास आम्ही हजार किलोमीटर आलो, पण घरच्या पाण्याकडे पाठ करून आलो होतो. त्या बैठकीत कोणताही ठराव झाला नाही. ठराव करण्याची आमची हौस त्या साठ बाटल्यांबरोबर आदल्या दिवशीच संपली होती. फक्त एवढे ठरले की, परतल्यावर धर्मग्रामात उरलेली बावखले प्रत्यक्ष जाऊन मोजायची आणि पुढील मेळाव्याचा पहिला तास सभागृहात नव्हे, तर त्यांपैकी एकाच्या काठी, हातात घमेले घेऊन घालवायचा. बुधवारी पहाटे आम्ही ताडोबात गेलो. वाघ दिसला नाही. आश्चर्य असे की, त्याबद्दल फारशी कुरकुर झाली नाही.

परतल्यावर आम्ही मोजणी केली. आमच्या अंदाजापेक्षा बावखले कमीच निघाली, पण अगदीच नाहीत असे नव्हते. त्या तरुणाच्या पुढाकाराने एका बावखलातला गाळ काढण्याचे काम सुरू झाले आहे. इमारतीखाली गेलेले बावखल काही परत येणार नाही, आणि हे तो जाणतो.

नामानाच्या कथेचा शेवट आपण पुष्कळदा वाचीत नाही. बरा झाल्यावर तो अलीशाला मोठी भेट देऊ करतो. अलीशा ती घेत नाही. तेव्हा नामान एक विचित्र मागणे मागतो: दोन खेचरांवर मावेल एवढी या भूमीची माती मला नेऊ द्या. ज्या नदीला त्याने तुच्छ म्हटले होते तिच्या देशाची माती तो सोन्यापेक्षा जपून घरी नेतो. पाहुणा म्हणून एखाद्या गावी जाऊन आल्यावर काय घेऊन यावे, याचे यापेक्षा चांगले उत्तर आम्हांला ठाऊक नाही. चंद्रपूरहून आम्ही वाघाचे छायाचित्र आणले नाही. त्या वृद्ध ढिवराचे एक वाक्य मात्र आणले आहे, आणि आमच्या बावखलाच्या काठी उभे राहिलो की ते पुन्हा ऐकू येते.